बुधाच्या नावाचे सिमकार्ड

मित्रांनो, मी टेबलावर ठेवायचा फोन आहे. पण मला भिंतीतून तार येत नाही, माझ्यात मोबाइलसारखे सिमकार्ड बसते. वय सात वर्षे. माणसांत या वयाची मुले पहिली-दुसरीत असतात, आमच्यात मात्र हे म्हातारपण समजतात. माझे चारचे बटण आता दोनदा दाबावे लागते. रिसीव्हरच्या वेटोळ्या वायरला पीळ उरलेला नाही. कानाशी लागणाऱ्या जाळीवर एक बारीक ओरखडा आहे, तो हर्षदा नावाच्या मुलीच्या कानातल्या डुलाने पडला. मी तुम्हाला सांगणार आहे ती बरीचशी तिचीच हकिकत आहे. मी नुसता ऐकत होतो, आणि ऐकण्यातच माझे आयुष्य गेले.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका पट्ट्यावरून सरकत होते. एका बाईने माझा आवाज तपासला, पोटाखाली हिरवा ठिपका चिकटवला आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते लोणावळ्यात, वलवणच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दारावर नवी पाटी होती, 'गिरिवास हॉलिडेज'.

हे ऑफिस सुहासचे. पवनेच्या काठचे तंबू, कुरवंड्याकडचे बंगले शनिवार-रविवारसाठी लोकांना भाड्याने मिळवून द्यायचे, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक आपणहून येईल म्हणून तो वाट बघत बसत नसे. कुठून कुठून नंबरांच्या याद्या आणायचा, आणि आम्ही आठ फोन सकाळी दहाला त्या याद्यांवर तुटून पडायचो. पुणे, नाशिक, सुरत, जिथे लागेल तिथे. ओळख ना पाळख, थेट फोन.

सुहास वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. तळेगावच्या एका कारखान्यात तो बारा वर्षे कामाला होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने हे उभे केले आणि आठ बायका-मुलींना काम दिले. दुपारी त्यांच्यातच बसून डबा खायचा. कुणाची भाजी तिखट झाली तर आधी त्यालाच ठसका लागायचा.

हर्षदा माझ्या टेबलावर आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली. बारावी झालेली. वाडीतून ऑफिसात बसायला येणारी ती पहिलीच. पहिल्या दिवशी तिने माझा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, तान्हे मूल धरावे तसा. शेजारच्या टेबलावर अनिता बसायची. ती कान्हे गावाहून लोकलने येई, दोन मुलांची आई, बोलण्यात सगळ्यांत तयार.

"न्हाई म्हणू नकोस, नाही म्हण," अनिता तिला शिकवायची. "आणि घाई करू नकोस. समोरच्याला वाटलं पाहिजे की आपल्याला दिवसभर दुसरं कामच नाही."

हर्षदा शिकली. सहा महिन्यांत भिंतीवरच्या फळ्यावर तिचे नाव पहिले लागू लागले. सुहास जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हा फोन पायगुणाचा आहे." मित्रांनो, त्या दिवसांत मी फार फुशारलो होतो, हे कबूल करतो.

पण जे माझ्या कानात येत होते ते सगळेच गोड नव्हते. दिवसाला दीडशे फोन. शंभर लोक वाक्य पुरे होण्याआधी ठेवून देत. काही विचारत, "माझा नंबर तुला दिला कुणी?" काही आईवरून शिवी देत. हर्षदा रिसीव्हर कानापासून दोन बोटे लांब धरायची आणि शिवी संपली की पुढचा नंबर लावायची.

एकदा दुपारी तिने नाशिकचा एक नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून बाईचा आवाज आला, धाप लागल्यासारखा.

"हॅलो! मिळाल्या का? दोन बाटल्या मिळाल्या का?"

हर्षदा पाठ केलेले बोलून गेली. "नमस्कार मॅडम, मी गिरिवास हॉलिडेजमधून..."

 मग ती बाई अगदी हळू म्हणाली, "अगं पोरी, मी रक्तपेढीच्या फोनची वाट बघतेय. ठेव ना. ठेव लवकर."

हर्षदाने ठेवला. पुढचा नंबर लावायला तिला दहा मिनिटे लागली. सुहासने विचारले तेव्हा म्हणाली, पाणी प्यायला गेले होते.

अशा फोनांच्या तक्रारी देशभरातून झाल्या असणार. नियम आधीही होते, ते आता कडक झाले. जाहिरातीचे फोन करायचे तर धंद्याची नोंदणी करायची, ठरवून दिलेल्या, एकशे चाळीसने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करायचे, आणि ज्यांनी 'आम्हाला असे फोन नकोत' असे नोंदवले आहे त्यांना करायचेच नाहीत. साध्या नंबरावरून केले आणि तक्रारी झाल्या तर त्या माणसाच्या नावावरचे सगळे नंबर बंद.

सुहासने पहिल्यांदा सगळे सरळ मार्गाने केले. नोंदणी केली, नवा नंबर घेतला. आणि आमचे दिवस फिरले. एकशे चाळीस दिसले की लोक उचलेनात. मी दिवसभर घंटा वाजवत राहायचो, पलीकडून कुणी 'हॅलो'सुद्धा म्हणत नसे. फळ्यावर आठ नावे आणि प्रत्येकासमोर शून्य. बंगल्यांचे मालक सुहासला विचारू लागले, तंबूवाल्याने दुसरीकडे बोलणे लावले. ऑफिसात दुपारचा चहा मागवणे बंद झाले.

तीन महिन्यांनी एका दुपारी सुहासने सगळ्यांना एका खोलीत बोलावले.

"हे असंच चाललं तर दिवाळीनंतर मला टाळं लावावं लागेल," तो म्हणाला. "एकच मार्ग आहे. परत साध्या नंबरांवरून फोन करायचे. माझ्या नावावर आता सिम घेता येत नाहीत, एकदा ताकीद आलीय. तुमच्या घरच्या कुणाच्या नावावर काढता येतील, बघा."

कुणी वर बघेना. सगळे पांगल्यावर तो हर्षदाच्या टेबलाशी आला.

"हर्षदा, तुझ्या वडिलांचं आधार आहे ना?"

"आहे सर."

"त्यांच्या नावावर दोन सिम काढू. त्यांनी फक्त बोट लावायचं. बाकी मी बघतो."

"सर, त्यांना काही त्रास तर..."

"अगं, कसला त्रास? सरकार मोठमोठ्या कंपन्यांच्या मागं आहे. आपल्या दोन सिमांकडं कोण बघतंय? आठ घरं चालतात या टेबलांवर, हर्षदा. तूच सांग, काय करू?"

 हर्षदाला तेव्हा वेगळीच धास्ती होती. तिची आई, सावित्राबाई, हृदयाच्या झडपेच्या दुखण्याने खंगत चालली होती. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिचे ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचे होते. खाट रिकामी झाली की फोन करू, फोन आला की दुसऱ्या दिवशी दहाच्या आत यायचे, असे त्यांनी सांगितले होते. कागदावर नंबर लिहायला एकच चौकट होती. ऑफिसात कामाच्या वेळी सगळ्यांचे मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवावे लागत, म्हणून हर्षदाने तिथे वडिलांचा नंबर लिहिला होता. अशा वेळी हातची नोकरी घालवायची तिची छाती झाली नाही.

तिचे वडील बुधा दुसऱ्या दिवशी वाडीवरून उतरून आले. बंगल्यांच्या आवारातले गवत कापायचे, कुंपणे बांधायची, हे त्यांचे काम. सिम विकणारा पोऱ्या यंत्र घेऊन ऑफिसातच आला. बुधाच्या अंगठ्यावर विळ्याच्या इतक्या चिरा होत्या की यंत्र तो घेईना. चार वेळा पुसून लावला. शेवटी मधल्या बोटावर काम झाले.

"पोरीच्या हापिसाला लागतंय म्हंजी लावतो की," बुधा हसून म्हणाले. "बोट काय झिजतंय व्हय?"

त्यातले एक सिम माझ्या पोटात बसले, दुसरे अनिताच्या फोनमध्ये. बाकीच्या टेबलांवर इतर बायकांच्या घरची सिम आली. आणि खरेच, दुसऱ्याच दिवसापासून लोक उचलू लागले. साधा नंबर दिसला की माणसाला वाटते, कुणी ओळखीचे असेल. फळ्यावरची शून्ये पुसली गेली. ऑफिसात पुन्हा चहा मागवला जाऊ लागला.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

एका शुक्रवारी दुपारी सगळ्या जणी आतल्या खोलीत जेवत होत्या. माझ्या छोट्या पडद्यावर एक संदेश उमटला. 'तुमच्या नंबरावरून जाहिरातीचे फोन येत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत. हे थांबले नाही तर तुमच्या नावावरील सर्व नंबर बंद करण्यात येतील.' सुहास माझ्यासमोरून चालला होता. थांबला. त्याने तो वाचला, मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिले. आतून हर्षदाचा हसण्याचा आवाज येत होता. त्याचे बोट माझ्या बटणावर थोडा वेळ तसेच राहिले. मग त्याने संदेश पुसला. माझ्या आत कुठेतरी तो राहिला असेल नसेल, पण पडदा कोरा झाला.

मी दुसऱ्यांचा आवाज हजार कोसांवर पोचवतो, मला स्वतःचा आवाज नाही. जेवण करून हर्षदा परत आली, हात पुसून तिने रिसीव्हर उचलला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.

सोमवारी सुहासने तिला सांगितले, "वाडीतून आणखी दहा जणांचे आधारचे झेरॉक्स आण. बोटं लावायला त्यांना मग बोलावू. तुझ्या शब्दाला कुणी नाही म्हणायचं नाही."

आणि खरोखर कुणी नाही म्हणाले नाही. "तुझ्यावर इस्वास हाय पोरी, त्यात काय वाचायचं," असे म्हणत भिमाजी नावाच्या म्हाताऱ्याने डब्यात जपून ठेवलेला कागद काढून दिला, हे हर्षदाने अनिताला सांगितलेले मी ऐकले. सांगताना तिला अभिमान वाटत होता की भीती, ते आवाजावरून कळले नाही.

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, हर्षदा एका गिऱ्हाइकाशी बोलत असताना, मी मध्येच मुका झालो. पडद्यावर 'नोंदणी नाही' एवढे दोन शब्द. त्याच मिनिटाला अनिताही म्हणाली, "माझा पण गेला."

"नेटवर्कचं असेल," सुहास पटकन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि दिवस थंडीचे होते. त्याने माझे झाकण उघडून दुसरे एक सिम घातले आणि बुधाचे सिम खिशात टाकले. "ते झेरॉक्स लवकर आण हर्षदा. परवापर्यंत."

त्याला ठाऊक होते. हर्षदाला काहीच ठाऊक नव्हते.

तिला घरी गेल्यावरही कळायला मार्ग नव्हता. वाडीत रेंज नाही. बुधा दिवसा फोन खिशात घालून कुरवंड्याला कामावर जात, तिथे रेंज येई. ते स्वतः कधी कुणाला फोन लावत नसत, आला तर घेत. खिसा वाजला नाही म्हणजे दवाखान्याचा फोन आला नाही, एवढाच त्यांचा हिशेब. मंगळवार गेला, बुधवार गेला. सावित्राबाईला आडवे झाले की गुदमरायला होई, ती भिंतीला टेकून बसूनच झोपत होती. "आजबी फोन न्हाई आला का?" ती रोज विचारायची, आणि बुधा मान हलवायचे.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसचे दार उघडले. दारात बुधा उभे. कुरवंड्याहून पायी आले होते, हातात त्यांचा छोटा मोबाइल.

"हर्षे, ह्याला काय झालंय बघ गं," ते म्हणाले. "बंगल्याचा माळी म्हनला, दोन दिस झालं तुमचा फोनच लागत न्हाई."

हर्षदाने मोबाइल घेतला. पर्समधली दहा झेरॉक्सची गुंडाळी सुहासला द्यायला तिने नुकतीच टेबलावर काढून ठेवली होती. तिने पडदा पाहिला. 'नोंदणी नाही.' मग तिने माझ्याकडे पाहिले. मंगळवारी हेच शब्द तिने माझ्या तोंडावर वाचले होते.

 वडील पिशवीत कायम जवळ बाळगत तो दवाखान्याचा कागद तिने काढला आणि माझ्यावरून नंबर लावला. चारचे बटण तेव्हापासूनच अडकायला लागले असावे, कारण तिला दोनदा चुकून पुन्हा लावावा लागला. 

पलीकडे काउंटरवरची बाई होती. तिने नाव विचारले, कागद चाळल्याचा आवाज आला.

"सावित्राबाई... हो. मंगळवारी दुपारी तीनदा फोन लावला. बुधवारी सकाळी दोनदा. बंद होता. आम्ही बारापर्यंत थांबलो बाई. मग पुढच्या पेशंटला बोलावलं."

"मॅडम, मी आजच आणते आईला. आत्ता निघतो आम्ही."

"आता खाट नाही ना. कशी आहे त्यांची तब्येत?"

"आडवं होता येत नाही. बसून झोपते."

बाईने परत कागद चाळले. "परत यादीत वर घेते नाव. पण खाट कधी होईल सांगता येत नाही. दुसरा नंबर सांग. आणि तो तरी चालू ठेव."

हर्षदाने स्वतःचा नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश, दोनदा. मग तिने रिसीव्हर ठेवला. बाकीचे सातही फोन थांबले होते.

ती उठून सुहासच्या टेबलापुढे उभी राहिली.

"सर, बाचं सिम आपल्यामुळं बंद झालं ना?"

सुहास समोरची यादी सरळ करू लागला.

"आधी काही मेसेज आला होता का?"

मित्रांनो, तो 'नाही' म्हणू शकत होता. साक्षीदार एकटा मी, आणि मी मुका. त्याने खिडकीकडे पाहिले, मग बुधाकडे. बुधा दाराशीच उभे होते, चपला बाहेर काढून.

"आला होता," सुहास म्हणाला. "शुक्रवारी."

"मग?"

"मी पुसला."

बुधाला सगळे नीटसे कळले नव्हते. हर्षदाने त्यांना दोन वाक्यांत सांगितले, वाडीच्या बोलीत, आवाज न चढवता. ते ऐकत राहिले. सुहासच्या वडिलांच्या शेतावरही त्यांनी पूर्वी गवत कापले होते, त्या घरचे ताक प्यायले होते. मला वाटले, आता हा माणूस ओरडेल. ते ओरडले नाहीत.

"मला वाचाया येत न्हाई, सुहासभाऊ," ते म्हणाले. "पन तुमाला येत व्हतं."

सुहासने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

हर्षदाने टेबलावरची दहा झेरॉक्सची गुंडाळी उचलली आणि वडिलांच्या हातात दिली. "बा, ज्याचं त्याला परत दे. भिमाजीकाकांना सांग, मी चुकले." मग सुहासकडे वळून म्हणाली, "सर, मला काढायचं तर काढा. मी आता कुणाच्या दारात कागद मागायला जाणार नाही."

त्याने तिला काढले नाही. त्या दुपारी त्याने आठही फोनांतली साधी सिम बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी तो बुधाला घेऊन मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेला आणि स्वतःच्या सहीने लिहून दिले की हे नंबर मी वापरले, या माणसाचा यात काही दोष नाही.

लिहून दिले म्हणून खाट रिकामी होत नव्हती.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. टोपलीचा नियम सुहासनेच मोडला. हर्षदाचा मोबाइल माझ्या शेजारी टेबलावर असायचा. ती एकशे चाळीसवरून फोन करत राही, पण एक डोळा सतत मोबाइलवर. तो थरथरला की ती बोलणे अर्ध्यावर टाकून तो उचलायची. सहाव्या दिवशी अनोळखी नंबर आला. 

"हॅलो! मी सावित्राबाईंची मुलगी बोलतेय!"

पलीकडून मुलीचा कोवळा आवाज आला. "नमस्कार मॅडम, आमच्या कंपनीतर्फे आपल्याला कर्जाची खास..."

हर्षदाने डोळे मिटले. रागावली असती तरी चालले असते, पण तिला रागावताही येईना. त्या मुलीच्या मागे आणखी दहा-बारा जणींचे बोलणे ऐकू येत होते. "नको ताई," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला आणि मोबाइल पुन्हा टेबलावर सरळ मांडला.

अकराव्या दिवशी दुपारी पाऊणला दवाखान्याचा फोन आला. इतकी वर्षे शिकलेली शहरी भाषा तिच्या तोंडून गळून पडली. "येतो! उद्याच्याला येतो आमी!" ती ओरडली. सुहासने गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती. वाडीपासून गाडीरस्त्यापर्यंत सावित्राबाईला बुधाने आणि भिमाजीने खुर्चीत बसवून खांद्यावरून आणले, हे हर्षदाने नंतर सांगितले. ऑपरेशन साडेपाच तास चालले. आई वाचली. आता ती कुरवंड्याचा चढ दोनदा थांबून चढते.

सगळे चांगलेच झाले असे मात्र मी म्हणणार नाही. बुधाचा नंबर दीड महिन्याने परत चालू झाला. ऑफिसचा गाडा पूर्वीसारखा चाललाच नाही. एकशे चाळीसवरून उचलणारे थोडे, आणि नको म्हणणाऱ्यांना फोन करायचा नाही. आठातल्या पाच जणींना सुहासला निरोप द्यावा लागला, त्यांत अनिताही होती. शेवटच्या दिवशी ती आपला डबा पिशवीत भरत होती. हर्षदा जवळ गेली तशी म्हणाली, "तुझ्या आईचं झालं गं, बरं झालं. पण माझ्या दोन पोरांचं काय? आणखी दहा सिम आली असती तर वर्षभर निघालं असतं." हर्षदा तिची पिशवी उचलून जिन्यापर्यंत पोचवायला गेली. याचे उत्तर मला आजवर सुचलेले नाही. अनिता आता तळेगावात एका दुकानात उभ्याने काम करते, आणि कधी कधी हर्षदाला फोन करते. बोलतात दोघी. पूर्वीसारख्या नाही, पण बोलतात.

उरलेल्या तिघी आता बंगल्यात राहून गेलेल्यांपैकी ज्यांनी जाताना 'फोन केला तर चालेल' म्हटले, त्यांनाच फोन करतात. बाकीचे लोक आपणहून विचारायला फोन करतात, ते हर्षदा घेते. तिला नवा फोन मिळाला. माझे अडकणारे बटण कोण दुरुस्त करणार? मला खालच्या खणात ठेवले, जुन्या पावत्यांवर आणि सुतळीच्या बंडलावर. इथे अंधार आहे. वरचे बोलणे अस्पष्ट ऐकू येते. कुणी माझी आठवण काढत नाही, याचे दुःख होते. पण माझ्यावरून आता कुणाला नकोसा फोन जात नाही, याचे बरेही वाटते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कुणीतरी तुमच्याकडेही येईल आणि म्हणेल, नुसते बोट लाव, नुसती सही कर, बाकीचे मी बघतो. बोलणारा ओळखीचा असेल, चांगलाही असेल, अडचणीत असेल. त्या वेळी थांबा, कागद वाचून घ्या. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, सगळे, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या पोटात कुणाचेही सिम घाला, मी बोलत राहतो. माझे काही जात नाही, कारण मला नाव नाही. तुम्हाला आहे. ते जपा.